कललेला खांब

आमच्या अंगणातला घोडे बांधायचा खांब
तीन उन्हाळ्यांत दारुड्यासारखा कललाय.
खालचा बर्फ,
जो आजोबांच्या आजोबांनीही वितळताना पाहिला नाही,
मातीतून आता हळूच काढता पाय घेतोय.

द्युलुस्तान म्हणाला, सिमेंट ओतू.
कागदावर यादीसुद्धा केली त्याने:
दोन पोती, एक फावडं, शेजारच्याचा ट्रक.
माप्पा, माझी सासू, चहात दूध ओतत होती.
म्हणाली, हा खांब उपटत नसतात. सरळही करत नसतात.
ज्याने रोवला तो गेला,
आता याचा हा पडेल.
माझ्या लग्नातला आहे.
माझ्याआधी पडला, तर बघू.

मग बराच वेळ
नुसता चमच्याचा आवाज.

जानेवारीत इथे श्वास ऐकू येतो,
कुणी दूर तांदूळ सांडावेत तसा.
दाराची कडी उघड्या हाताने धरलीत
तर थोडी कातडी तिथेच ठेवून यावी लागते.
त्या दिवसांत सूर्य म्हणजे
उसने पैसे मागायला आलेला लांबचा नातलग:
उंबऱ्यातच घुटमळतो,
आणि आपण काही बोलायच्या आत
"येतो" म्हणून निघूनही जातो.

आज मात्र बैठक मारून बसलाय.
रात्रीचे अकरा,
आणि लार्चच्या खोडांवर अजून पिवळं ऊन.
सगळा गाव माळावर.
डासांसाठी पेटवलेल्या गोवऱ्यांचा धूर
सगळ्यांच्या नव्या कपड्यांत सारखाच शिरतोय,
शिक्षणाधिकाऱ्याच्या कोटातही.

घोडीच्या आंबवलेल्या दुधाचा पहिला घोट अग्नीला,
दुसरा जमिनीला
(ती हल्ली जरा जास्तच पिते, असं कुणीतरी पुटपुटलं),
मग तीन पायांचा लाकडी चषक
हातोहात फिरत माझ्यापर्यंत आला.
आंबट. जिभेला चावणारा.
वर्षभर मी याच चवीची वाट पाहते
आणि दरवर्षी पहिल्या घोटाला तोंड वाकडं करते.

मग रिंगण.
शाळेची बस चालवणारा बायबाल एक ओळ रचून गातो,
आम्ही ती उचलतो,
खांद्याला खांदा, एक पाऊल डावीकडे,
सूर्य जातो त्या बाजूने.
बायबालने घोड्यांचं गायलं, नदीचं गायलं,
मग खचलेल्या रस्त्याचं,
त्यात रुतलेल्या स्वतःच्या बसचंही गायलं,
आणि दोनशे माणसांनी
त्या बसचं मागचं चाक
देवाच्या नावासारखं घोळवून म्हटलं.

पावणेतीनला तो पुन्हा वर आला.
गेलाच कुठे होता म्हणा,
टेकडीआड तोंड धुऊन आला असेल.
सगळ्यांनी तळवे त्याच्याकडे केले.
माप्पाचा डावा हात कानाच्या वर जात नाही,
पडली होती हिवाळ्यात.
तिने तो कानाशीच उघडला.
मी पाहिलं, ऊन तिथेही आलं.

खाली आणताना हात पुसत ती म्हणाली,
झालं. आता तिळातिळाने आटणार.
अशा वेळी असं बोलत नाहीत, मी म्हटलं.
गवत कापायला सहा आठवडे आहेत, ती म्हणाली,
गाईंना तुझ्या चांगल्या बोलण्याने वैरण मिळत नाही.

घरी आलो तेव्हा सावल्या अंगणभर लांब.
द्युलुस्तानने खिसे उलटे केले,
यादी मिळाली, चुरगळून पुन्हा आत ठेवली.
पांढरे केस वळून केलेली दोरी दरवर्षी खांबाला बांधतो आम्ही.
मोठी माणसं, टाचा उंचावून.
या वर्षी एर्चिमने, साडेपाच वर्षांच्या,
दोरी माझ्या हातातून ओढून घेतली
आणि स्वतःच गाठ मारली.
हात पोचला त्याचा.
खांबच खाली आला होता तेवढा.

माप्पाने जवळ जाऊन गाठ ओढून पाहिली.
"सैल आहे," म्हणाली,
आणि विळ्याला धार लावायला बसली.